वळणावरचा काळा कोट

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला समोरच्यांची खोली बघून यायला लावलं होतं.

"आधी तिकडे जा. गुरुजींच्या घरातली मागची खोली रिकामी आहे. भाडं विचारा, पाणी कधी येतं ते विचारा, मग इकडे या. माझी एकच बघून ठरवू नका."

मी पोशेऱ्याच्या शाळेवर नुकतीच रुजू झाले होते. खोली शोधत जव्हारभर फिरून पायांचे तुकडे पडले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला खोली द्यायची नाहीये, म्हणून वाटेला लावतोय. रागारागाने समोर गेले. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि गुरुजींच्या बायकोला एकटी मुलगी ठेवून घेणं पसंत नव्हतं. परत आले तर हे गृहस्थ ओट्यावर तसेच उभे. "आता तुम्ही निवड केलीत. आता बोलू," म्हणाले. आतून काकू ओरडल्या, "निवड गेली चुलीत! तिला आधी पाणी तरी द्या!"

तेव्हापासून मी त्या घरात आहे. ते वकील होते, जव्हारच्या कोर्टात वकिली करत. उंच, वाळलेले, छातीत कायम घरघर. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'बाई' म्हणाले, कारण मी शिक्षिका. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस अहो-जाहो करायचा, सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

काकांचं सगळं दोन ठिकाणी होतं. दूध दोघांकडून, अर्धा-अर्धा लिटर. साखर एका दुकानातून, गूळ दुसऱ्या. चहा प्यायला निघाले की एका टपरीवर अर्धा कप घ्यायचे, उठायचे, रस्ता ओलांडायचे आणि समोरच्या टपरीवर दुसरा अर्धा. कोर्टात घालायचे काळे कोटसुद्धा दोन, दोन वेगळ्या शिंप्यांनी शिवलेले. एक अंगासरसा बसायचा. दुसऱ्याची एक बाही तोकडी होती, पण तोही पाळीपाळीने घालायचेच.

सगळ्यात कहर न्हाव्यांचा. स्टँडसमोरच्याचा हात चांगला होता. तलावाकडचा म्हातारा झालेला, त्याचा हात कापायचा. काका एक महिना ह्याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. तलावाचा महिना असला की एक कल्ला वर आणि एक खाली, असे कोर्टात जायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, कशाला जाता हो त्याच्याकडे? ध्यान दिसता."

"तो बंद पडला तर स्टँडवाल्याला कोण विचारणार?"

"काय विचारणार?"

"काहीही. आज तो मला बसा म्हणतो. उद्या म्हणेल, थांबा."

काकूंनी ह्या माणसापुढे कधीच हात टेकले होते. दोन पिशव्या, दोन उधाऱ्या, दोन दूधवाल्यांची बोलणी त्यांच्याच डोक्यावर. "सगळं दोन-दोन आणतात," मला सांगायच्या, "नवरा तेवढा एकच मिळाला, आणि तोही हा!" काका वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "त्या बाबतीत कायदा माझ्या बाजूने आहे."

त्यांचं पोट जमिनीच्या दाव्यांवर चालायचं. वारसनोंदी, बांधांची भांडणं, हेच. पण जीव दुसऱ्याच एका कायद्यात अडकलेला होता, स्पर्धा कायद्यात. जव्हारला त्याचं एकही प्रकरण कधी आलं नव्हतं आणि येणारही नव्हतं, कारण त्याची दाद मागायची ती दिल्लीच्या आयोगापुढे. मोठमोठ्या कंपन्यांचा कायदा तो. तरी काकांनी त्याचं पुस्तक बाइंडिंग सुटेपर्यंत वाचलं होतं. "मोठं असणं हा गुन्हा नाही," हे वाक्य मी भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, ताप आलेला असताना, सगळ्या अवस्थांत ऐकलेलं आहे. "माणूस कष्टाने, हुशारीने मोठा होतो. होऊ दे की! पण मोठेपण वापरून दुसऱ्याची वाट अडवली, की तिथे कायदा सुरू झाला."

टपरीवर शेजारी बसलेल्याला विचारायचे, "काय रे, ह्याने उद्या चहा दोन रुपयांनी वाढवला तर तू कुठे जाशील?" लोक टाळायला लागले होते त्यांना. कुणी म्हणालं, समोर जाईन, की खूश व्हायचे. कुणी म्हणालं, कुठे जाणार साहेब, इथेच पिईन, की चेहरा उतरायचा. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "मग सांभाळून राहा बाबा."

हे वेड कुठून लागलं, असं मी विचारलं होतं. लहानपणीचं काही असेल, कुणी फसवलं असेल, असं मला वाटत होतं. माझ्यावर जवळजवळ खेकसलेच. "भूक लागायला कारण लागतं का?"

असं वेड घेऊन माणूस जव्हारात म्हातारा होतो आणि मरतो, लोक हसतात आणि विसरतात. काकांचंही तेच झालं असतं. पण मधे मोगरा आला.

आमच्या ह्या डोंगरात भात आणि नाचणी, दोन्ही पावसावरची पिकं. कापणी झाली, दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडीकडे, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. इकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. पोरंही बरोबर जातात. दिवाळीनंतर माझ्या वर्गात हजेरी घेताना नावं वाचायची आणि उत्तरं यायची नाहीत. कुणी आत येऊन बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई भिंतीशी बोलते.

मग एक शेठ आला मोखाड्याकडून. त्याने उताराच्या जमिनींवर मोगऱ्याची कलमं लावून दिली. जिथे विहिरीला उन्हाळाभर थोडं तरी पाणी टिकतं, तिथे मोगरा तगला. होळीपासून पावसापर्यंत रोज पहाटे कळी खुडायची आणि शेठच्या गाडीत घालायची, की गाडी नाशिकच्या बाजारात. ज्यांनी मोगरा लावला ती घरं भट्टीवर जायची थांबली. जानकी त्यांतली. पोशेऱ्याच्या अलीकडच्या पाड्यात, रस्त्याच्या वळणाला लागून तिचं घर. घरात नवरा, सासू, आणि मुलगी सुमन. सुमन माझ्या वर्गात होती. पाटीवर आपलं नाव काढून ते सगळ्यांना दाखवत फिरायची. मोगरा होता म्हणून ती वर्गात होती, इतका सरळ हिशेब होता तो.

माझा चुलतभाऊ किसन साखरशेतचा. त्याने एक जुनी पिकअप घेतली आणि तोही मोगरा उचलायला लागला. भाव शेठपेक्षा बरा द्यायचा. पण गाडी जुनी, दोन दिवस चालली की तिसऱ्या दिवशी गॅरेजात. म्हणजे किसनला माल दिला तरी त्याची गाडी बंद असेल त्या दिवशी शेठच्याच गाडीची वाट बघावी लागायची. कळी तर रोज खुडावीच लागते. ती म्हणत नाही, की उद्या या.

शेठने भांडण केलं नाही. कुणाला शिवी नाही, दम नाही. ज्यांनी किसनला एक दिवस जरी कळी दिली, त्यांच्याकडे त्याची गाडी फक्त उशिरा यायला लागली. आधी फटफटायला लागलं की यायची, ती ऊन अंगावर आल्यावर येऊ लागली. कधी पंक्चर, कधी डिझेल, कधी दुसऱ्या पाड्यात माल जास्त होता. मोगऱ्याचं असं आहे, की बंद कळीलाच किंमत. ऊन लागलं की ती सैल पडते, तोंड उघडते, कडेने पिवळी होते. शिवाय गाडी उशिरा निघाली की नाशिकला पोचेपर्यंत बाजार उठलेला. मग हारवालासुद्धा तिला हात लावत नाही.

एकेक घर किसनला सोडून गेलं. जानकी तेवढी अडून बसली होती. आणि एक दिवस सुमन शाळेत म्हणाली, "बाई, आमी आवंदा जगाया जाणार."

त्या रविवारी मी जानकीला घेऊन काकांच्या ओट्यावर आले. ती खाली बसली, काका पण तिच्यासमोर खालीच बसले. आमच्या पाड्यांत सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यात अपमान नसतो. काकांना ते फार आवडायचं.

"वकीलबाबा, तो नाय म्हनत नाय," जानकी म्हणाली. "गाडी येते. पन ऊन आला का मंग येते. कळी माझी, गाडी त्याची. मी काय कराचा?"

काका उठले, आतून ते बाइंडिंग सुटलेलं पुस्तक घेऊन आले आणि पानं चाळली. मग म्हणाले, "तुझ्या कळीचा बाजार कुठपर्यंत आहे, ठाऊक आहे का? नाशिक नव्हे, मोखाडा नव्हे. ऊन यायच्या आत जिथवर ती पोचेल, तिथवर. त्या बाजारात तो एकटा आहे." माझ्याकडे वळले. डोळे लहान मुलासारखे झाले होते. "कायद्यात आहे बाई, बाजाराची वाट अडवणं, कोणत्याही प्रकारे. कोणत्याही प्रकारे! नकारच दिला पाहिजे असं नाही. उशीरसुद्धा बसतो त्यात."

"तुमचा भाऊ आहे म्हणून करत नाहीये हं," हेही मला लगेच सुनावलं. "उद्या शेठ गेला आणि तुमचा किसन एकटा उरला, तर मी त्याच्याविरुद्ध अर्ज करीन."

अर्ज लिहायला घेतला. पहिल्याच परिच्छेदात, ह्या डोंगराला मोगरा शेठने दिला आणि त्याबद्दल लोक त्याचे उपकार मानतात, हे लिहिलं. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "कारण ते खरं आहे." पण पुढे गाडी मुद्दाम उशिरा येते, हे दाखवायला पुरावा पाहिजे. तो आपल्या डोळ्यांनी बघायचा त्यांनी निश्चय केला.

उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. मी नेहमीपेक्षा कितीतरी आधी उठून, तोंडातल्या तोंडात त्यांच्या नावाने खडे फोडत, त्यांना स्कूटीवर मागे बसवून निघाले. अंगात कोट. मी म्हटलं, "काका, शेतावर चाललोय, कोर्टात नाही." "कामावर चाललोय," ते म्हणाले. जानकीच्या वळणावर जाऊन उभे राहिले, काळे, उंच, हातात छत्री. फटफटायच्या आत गाडी हजर. ड्रायव्हरने सलाम ठोकला, माल भरला, गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. काका हिरमुसले. "मी उभा राहिलो की गुन्हाच घडत नाही."

मग लपायचं ठरलं. जानकीच्या गोठ्यात, कोंबड्यांच्या डालग्यामागे पोतं अंथरून काका बसले. कोट अंगात होताच. मी शाळेत जायच्या आधी आडोशाला थांबले होते. जानकीच्या सासूला, म्हातारीला, काकांचा भारी अभिमान वाटायला लागला होता. आपल्या घरी वकील आलाय, तोही गोठ्यात बसलाय, हे तिला पोटात ठेवणं शक्य नव्हतं. आदल्या सांजेलाच साऱ्या पाड्यात झालं होतं, आणि पाड्यातून ड्रायव्हरच्या कानावर. गाडी अंधारातच आली. म्हातारी लगबगीने पुढे झाली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "अरं, आवाज नको करू! वकीलबाबा आत लपून बसलाय. त्याला कळाचा नाय, तू आलास ता."

ड्रायव्हर हसून हसून वाकला. काका अंगाला शेण-काड्या लागलेले बाहेर आले. मला वाटलं आता म्हातारीवर चिडतील. ते तिच्या पाया पडले. "आजी, तुम्ही खोटं बोलू शकत नाही, हे चांगलंच आहे," म्हणाले. म्हातारीला काय चुकलं तेच कळलं नाही. तिने त्यांना कोरा चहा दिला.

मला मात्र राग आला होता, म्हातारीचा, शेठचा, सगळ्यांचाच. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "काका, सोपं आहे. तुम्ही आठवडाभर येऊच नका. त्याला येऊ दे उशिरा. मी मोबाईलवर सगळं शूट करते. कळी, ऊन, गाडी. मग अर्जाला दात येतील."

त्यांनाही ते पटलं. पटलं होतं, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर त्यांना देव करून ठेवाल. दुसऱ्या दिवशी ते जानकीला समजवायला बसले. तू आठवडाभर फक्त रोजच्यासारखी कळी खुड. आम्ही बाजूला राहतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे आठवडाभर माझी कळी मराची?"

काकांनी हातातल्या अर्जाची घडी घातली.

"आवंदा पाणी कमी हाय, वकीलबाबा. आठवड्याची कळी गेली तं सुमनचा बापूस थांबाचा नाय. भट्टीचा मुकादम येऊन गेला, तो सगळ्यांना घेऊन जाल."

ओटीवर सुमन बसली होती. तिला काय कळत होतं कोण जाणे, पण ती काकांच्या तोंडाकडे बघत होती. काकांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, परत घातला. परत काढला.

"नको," म्हणाले. "पुरावा म्हणजे हिची मेलेली कळी. मला तसला पुरावा नको."

"मग काय कराल?" मी तडकलेच. "जन्मभर उभे राहाल?"

"मोसमभर."

घरी येताना घाटात स्कूटी थांबवायला लावली. कठड्यावर बसले. छाती भात्यासारखी वाजत होती. "एक निकाल मिळाला असता, बाई," म्हणाले, "तर तो एका जानकीचा नसता राहिला. सूर्यमाळपर्यंतच्या सगळ्या पाड्यांना लागला असता. मला कळतं ते. मी वकील आहे. कदाचित मी चुकतोय."  ते चुकत होते की नाही, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

अर्ज अर्धाच राहिला, आणि काका रोज त्या वळणावर उभे राहिले. होळी गेली, पाडवा गेला, आंब्याचे दिवस आले. एक दिवस अंगासरसा कोट, एक दिवस तोकड्या बाहीचा. रविवारी, आणि मे महिन्यात तर रोजच, मला सुट्टी असायची, पण कळीला नव्हती, त्यामुळे तेव्हाही मलाच उठवायचे. मी दारातून ओरडायचे, "काका, माणसाला झोप म्हणून काही असते!" "स्कूटी दुसऱ्या कुणाची असती तर त्याला उठवलं असतं," ते म्हणायचे. "इथे तुमचं वर्चस्व आहे." गाडी गेली की एसटीने परत कोर्टात. तिथे बाकावर पेंगायचे. अशिलं कुजबुजायला लागली, काही दुसऱ्या वकिलांकडे गेली. "जाऊ दे," काका म्हणाले, "दोन तरी वकील पाहिजेतच गावाला." काकू तेव्हा हसल्या नाहीत.

गाडी वेळेवर येत राहिली. त्यामुळे जानकी किसनची गाडी चालू असेल त्या दिवशी बिनधास्त त्याला माल देऊ शकली. ते बघून शेजारची दोन-चार घरं परतली. किसनच्या गाडीला इंजिनाचं काम करण्याइतका धंदा मिळाला, आणि ती रोज यायला लागली. कुठल्याही आयोगाने काही सांगितलं नाही, कुठला आदेश निघाला नाही. एक म्हातारा रस्त्याच्या कडेला उभा होता, एवढंच.

मोसम संपत आला तेव्हा शेठ जव्हारला आला, थेट काका बसले होते त्या टपरीवर. मी तिथेच होते. माणूस दिसायला सभ्य, बोलायला त्याहून सभ्य. काकांचा अर्धा कप झाला, ते उठून समोर निघाले, तर शेठही बरोबर रस्ता ओलांडून आला.

"साहेब, उगाच त्रास घेता या वयात. माझी गाडी आज उशिरा आली?"

"नाही."

"काल?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार काही नाही. मी उभा होतो म्हणून आली."

शेठ हसला. रागाने नाही. काकांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत थांबला, स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला. आणि अगदी काळजीने विचारावं तसं विचारलं, "किती दिवस उभे राहाल?"

काकांनी पाणी पिऊन ग्लास त्याला परत दिला.  माझ्या डोक्यात तिडीक गेली, काहीतरी सणसणीत बोलायचं होतं, पण काय बोलणार? त्याने खरंच विचारलं होतं. मोठ्या माणसाला घाई नसते, हीच त्याची ताकद. काकांना किती वेळ उरलाय, हे तिघांनाही दिसत होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी हजेरी घेतली, तेव्हा सुमनच्या नावाला उत्तर आलं. इतकं मोठ्याने आलं की मी दचकले. घरी येऊन काकांना सांगितलं. ते तेव्हा अंथरुणाला लागलेले होते. म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं.

थंडी ओसरायच्या आत ते गेले. दोन्ही न्हावी आले होते, दोन कोपऱ्यांत उभे होते. दोन्ही टपऱ्या बंद होत्या, त्यामुळे त्या दिवशी चौकात कुणाला चहा मिळाला नाही. काकांना हे मुळीच आवडलं नसतं. मी काकूंना तसं म्हटलं, आणि मग आम्ही दोघी हसता हसता रडलो, कितीतरी वेळ.

काकू आता एकट्या. त्यांना अर्धा लिटर दूध रग्गड होतं. मी म्हटलं, एका दूधवाल्याला बंद करा. "कुणाला करू?" म्हणाल्या. पाव-पाव लिटर घेतात दोघांकडून.

होळी झाली, मोगऱ्याला पहिला बहर आला, आणि शेठची गाडी पुन्हा उशिरा यायला लागली. ह्या वेळी सगळ्याच घरांकडे, कारण किसनकडे आता सगळेच थोडा-थोडा माल द्यायचे. किसनची एकटी गाडी सगळ्यांची कळी उचलायला पुरत नव्हती. जानकी जव्हारला आली, सासूला घेऊन. काकूंच्या समोर बसली.

"आये, वकीलबाबाचा कोट दे."

"कोट? कशाला गं?"

"उभा राहाचा हाय."

मी म्हणणार होते, अगं वेडे, कोट घातल्याने कुणी वकील होत नाही, ड्रायव्हर ओळखतो तुला. पण काकू तोवर उठल्या होत्या. कपाट उघडून त्यापुढे उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या होत्या, मला चेहरा दिसला नाही. "दोन आहेत," म्हणाल्या. "कुठला देऊ?"

जानकीने सासूकडे बघितलं. "दोनी दे."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले. आता मला उठवायला कुणी नव्हतं, तरी आपोआप जाग आली. जानकीच्या वळणावर म्हातारी उभी होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, वर तोकड्या बाहीचा काळा कोट, तिला ती बाही अगदी बरोबर झालेली. पुढच्या वळणावर जानकी, कोट पिंढरीपर्यंत लोंबणारा. पाड्यातल्या आणखी बायका टोपल्या घेऊन त्यांच्यामागे रांगेत बसल्या होत्या.  फटफटायचं होतं अजून.

गाडी त्या दिवशी वेळेवर आली ती बहुधा ड्रायव्हरला पाड्याची खबर आदल्या सांजेलाच लागली म्हणून. म्हातारी काही पोटात ठेवू शकत नाही, ते बरंच आहे. ड्रायव्हर खाली उतरला आणि तिला बघून हसायला लागला.

"आजी, तू कदी झालीस वकील?"

म्हातारी हसली नाही. तिच्यामागच्याही कुणी हसल्या नाहीत. ड्रायव्हरचं हसणं हळूहळू बंद झालं. त्याने रांगेकडे बघितलं, मग कोटाकडे. तो कोट त्याने मोसमभर दिवसाआड बघितलेला होता.

"शेठला काय सांगू मी?" त्याने विचारलं.

म्हातारीने छत्री जमिनीला टेकवली. छत्रीसुद्धा काकांचीच होती, काकूंनीच दिलेली.

"सांग, वकीलबाबा गेला. आता आमी हाव. एक मेली का दुसरी उभी राहाल. पाड्यात माणसा लय हायेत."

 ड्रायव्हरने गाडीचा मागचा फाळका पाडला आणि बायका एकेक टोपली पुढे द्यायला लागल्या. कळ्या घट्ट मिटलेल्या होत्या. ऊन अजून डोंगराच्या पलीकडेच होतं. मी स्कूटी चालू केली आणि शाळेत गेले.